शिडीचा शेवट

विनोदावर आमच्या घरमालकांइतका जीव टाकणारा आणि त्याच विनोदाचं इतक्या मन लावून वाटोळं करणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिला नाही. मंगरूळपीरला मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्या कापड दुकानावरच्या माडीत चार वर्षं भाड्यानं राहिलो. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवण आटोपलेलं, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी आणि तोंडात कायम दोनच शब्द, "कळलं काय?" कोणी काही गमतीचं बोललं की हा गृहस्थ आधी स्वतः पोट धरून हसणार, मग टोपी काढून डोळे पुसणार आणि मग ती गंमत का होती हे सगळ्यांना समजावून सांगायला मांडी ठोकून बसणार. लग्नात नवरीनं उखाणा घेतला तर हे तो भर मांडवात उलगडून सांगायचे. नवरी बिचारी लाजायचं विसरून ऐकत राहायची. गावात टुरिंग टॉकीज आलं की यांच्या चारी बाजूंच्या जागा रिकाम्या, कारण पडद्यावर कोणी पडला रे पडला की यांचा आवाज यायचाच, "कपडे नवे होते ना त्याचे, म्हनून हसू आलं. जुने असते तं आलं नसतं. कळलं काय?" एकदा मी माझ्या वर्षाच्या पोराला गुदगुल्या करत होतो. हे जिन्यात थबकले आणि म्हणाले, "मास्तर, त्याले सांगा तं खरं काहून हसून राह्यला थो."

आता अशा माणसाच्या घरी गल्लीतला एकुलता एक रेडिओ असावा, याला काय म्हणावं! चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा मिनिटांची एक विनोदी श्रुतिका लागायची. अण्णा आणि दादासाहेब हे दोन शेजारी. दादासाहेबांनी अण्णांची शिडी मागून नेलेली, ती काही केल्या परत देत नाहीत, आणि अण्णा दर आठवड्याला ती मागायला जाऊन भलतंच भांडण घेऊन घरी येतात. एवढंच. पण आम्हाला त्याचं असं काही वेड लागलं होतं की विचारू नका. समोरचा टेलर मशीन झाकून यायचा, दवाखान्यातला कंपाउंडर पेशंटला उद्या या म्हणायचा. घरमालक, म्हणजे साऱ्या गल्लीचे काका, रेडिओवरचा विणलेला रुमाल उचलायचे, बटण पिळायचे आणि उजवा हात बटणावरच ठेवायचे. तो हात आमचा वैरी! कारण विनोद झाला, आम्ही हसलो, की तो हात रेडिओचा आवाज पार बारीक करायचा आणि काका सुरू व्हायचे, "आता पाहा, अन्ना शिडी मागाले गेला अन् चहा पिऊन आला, म्हनजे थो शिडी विसरला..." तोवर पुढचे दोन विनोद हवेत विरून गेलेले. काकू मात्र उंबऱ्यावर, रेडिओकडे न पाहता काकांकडे तोंड करून बसायच्या. आम्ही हसायचो तेव्हा त्या गप्प. काकांचं प्रवचन संपलं की एकट्याच तोंडाला पदर लावून हसायच्या. "काकूची गाडी एक स्टेशन मांगं," असं टेलर म्हणायचा आणि आम्ही त्यालाही हसायचो.

त्या संक्रांतीनंतरच्या गुरुवारी मालिकेचा शेवट होता. दादासाहेबांची बदली झालेली, टांगा दाराशी आलेला, सामान चढलेलं. आमच्यात कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. दादासाहेब म्हणाले, "अण्णा, ही घ्या तुमची शिडी." वर्षभर जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती शिडी! आता अण्णा काय म्हणतो? टांग्याचा घोडा खिंकाळला, काकांना हसू फुटलं आणि तो मेला हात फिरला. "आता पाहा, इतके दिवस मांगून दिली नाई, अन् आता न मांगता दिली. कळलं काय?" टेलर ओरडला, "काका, बटन!" काकांनी गडबडीनं बटण फिरवलं, तोवर शेवटचं संगीत वाजत होतं. मालिका इथे समाप्त झाली, असं एक बाई गोड आवाजात सांगत होत्या. अण्णा काय बोलला ते गेलं ते गेलंच. माझं डोकं असं फिरलं की वयाचा मान विसरून मी काकूंदेखत बोलून गेलो, "काका, आमाले काय अक्कल नाई काय? तुमचं प्रवचनच ऐकाचं होतं तं रेडिओ कायले लावता?" काकांचा चेहरा एवढासा झाला. काकू आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. "काय झालं शेवटी?" त्यांनी काकांना विचारलं. काका रेडिओवर रुमाल घालू लागले.

मग पुढचे पंधरा दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. टेलरचं ठाम मत, अण्णानं शिडी घेतली आणि वरून भाडं मागितलं. कंपाउंडर म्हणे, छे, शिडीची एक पायरी मोडलेली निघाली आणि टांगा सोडून दोघं पुन्हा भांडायला बसले. दोघांचा यावरून अबोला झाला. गावातले बाकीचे रेडिओवाले त्या वेळेला हिंदी गाणी लावायचे, त्यांना अण्णाही ठाऊक नव्हता आणि शिडीही. काकांनी मात्र विचारायचं सोडलं नाही. रिठदचा शेतकरी लुगडं घ्यायला आला तरी मापायच्या आधी प्रश्न, "तुमच्या गावात रेडिओ हाय काय? शिडीवाल्याचं शेवटी काय झालं?" धनजहून आलेल्या एकानं भाव पाडून घ्यायला "शिडी विकली" असं ठोकून दिलं. काका दिवसभर खूश होते. संध्याकाळी तो माणूस थाप मारून गेल्याचं कळलं, तेव्हा आत निघून गेले.

आणि मग अमरावतीहून माझ्या बहिणीचं पत्र आलं. तिनं शेवट ऐकला होता आणि अण्णाचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं होतं. मी पत्र खिशात घातलं आणि खाली जाऊन काकांना एवढंच म्हणालो, "शेवट मले कळला." काका गादीवरून उठलेच. "सांगा ना मास्तर!" मनाशी म्हटलं, जरा तडफडू दे याला, आम्ही वर्षभर तडफडलो! "आधी माडीले चुना मारून द्या." चार दिवाळ्या मी त्या चुन्यासाठी त्यांच्या मागे लागलो होतो. तिसऱ्या दिवशी काका धोतर खोचून स्वतः शिडीवर चढले. खाली काकू शिडी धरून उभ्या, दोघंही नखशिखान्त पांढरे. माडी अशी झाली की डोळे दिपावेत. मी म्हणालो, "आता पाडव्याले सांगतो, गोड तोंडानं." पाडव्याला म्हणालो, परीक्षा होऊ द्या. रोज सकाळी जिन्याखालून आवाज यायचा, "सांगता काय आज?" खरं सांगतो, मला त्या हाकेची चटकच लागली होती. मेच्या सुट्टीत मी गावी निघालो तर काका एसटी स्टँडवर आले, खिडकीत माझी पिशवी चढवली आणि गजाला धरून म्हणाले, "मास्तर, आता तं सांगा. घरी रोज विचारून राह्यली ते." मी हसून म्हणालो, "जूनमध्ये!" आणि गाडी सुटली.

जूनमध्ये आलो तेव्हा रेडिओवर रुमाल होता आणि रुमालावर धूळ. काका गादीवर बसले होते, पण कोणाला काही समजावत नव्हते. "काकूले मुदतीचा ताप आला होता," ते म्हणाले. "ताप उतरला, पन कान घेऊन गेला. आता काहीच ऐकू येत नाई." मी म्हणालो, "आता? म्हणजे आधी...?" काकांनी हळूच आत पाहिलं, जसं काही काकूंना ऐकू जाणार होतं. "आधीबी कमीच ये. रेडिओ बारीक केला अन् मी तिच्याकडे तोंड करून बोललो, तं समजे. म्हनून तं सांगत बसो ना मी. तुमाले काय सांगाची गरज होती? तुमी शिकलेले लोक. पन एकटीले सांगतलं असतं तं तिले लाज वाटली असती, म्हनून सगळ्याइले सांगो."

चार वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिलो आणि मला हे दिसलं नाही. मी तिथंच, दुकानात, धापा टाकल्यासारखं ते वाक्य सांगून टाकलं. अण्णा म्हणाला होता, "शिडी राहू द्या तुमच्याकडेच. मागायला यायचं निमित्त तरी राहील मला." काका हसले नाहीत. दोनदा पुटपुटले, टोपी काढली, डोळे पुसले आणि उठून आत गेले. मी मागोमाग गेलो. काकू अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. लिहून दाखवावं तर त्यांना वाचता येत नव्हतं. काका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हातानं शिडी केली. चढून दाखवलं, टांगा दाखवला, घोड्याचा लगाम ओढला, मग शिडी हातांनी पुढं सरकवून, मान हलवून "राहू द्या, राहू द्या" असं केलं. साठीचा माणूस, घामानं भिजला होता. काकू एकटक पाहत होत्या. मग त्यांचा चेहरा खुलला आणि त्या मोठ्यानं, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तशा म्हणाल्या, "अहो, चुना तं आत्ताच मारला ना! पुन्हा कायले?"

पाडव्याला सांगितलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. मी दारात उभा राहून वाट पाहत होतो की काका आता मांडी ठोकतील आणि पहिल्यापासून सुरुवात करतील. काकांनी काकूंकडे पाहून होकारार्थी मान हलवली, त्यांच्या शेजारी बसले आणि सुपातले खडे वेचू लागले.