रुखमाबाईचं पोपटी लुगडं

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरे. तिच्या आदल्या दिवशी पोचू अंगणात आला, तेव्हा रुखमाबाई धान पाखडत होती. पोचू वर्षभर शेतात राबायचा आणि मंडईच्या नाटकात बाई व्हायचा. त्या काळी गावच्या रंगमंचावर बाईमाणूस उभं राहत नसे.

"बाई, तुमचं पोपटी लुगडं द्याल ना? औंदा मी माय झालो."

लग्नातलं ते लुगडं नवऱ्यामागे तिनं नेसणं सोडलं होतं. दरसाल ते नाटकालाच जाई. अख्खं गाव ते ओळखायचं.

"माय काय करते नाटकात?"

"लेक-सून तिची चूल वेगळी मांडतात. एकटी पडते. मंग शेवटी तुकड्यासाठी सुनेच्या पाया पडते. बाया धो धो रडतीन, पाहा!"

रुखमाबाईचे हात थांबले. पोळ्यापासून ती मागच्या खोलीत एकटीच रांधून खात होती. लेक दसरू ओसरीवरून ओरडला, "देऊ नोको, माय! लोक म्हनतीन, दसरूच्या घरचंच नाटक हाय."

"आन् नाई देल्लं तं घरचं खोटं होते काय?"

तिनं पेटीतून लुगडं काढलं. पोचूच्या हातात दिलं, पण पदर सोडला नाही. "रड, पड, मर. पन हे नेसून कोनाच्या पाया पडाचं नाई. आजवर मी वाकली ते धान रोवाले. मानसापुढं नाई."

"पन पुस्तकात लिवलं हाय, बाई!"

"पुस्तकानं लुगडं देल्लं काय तुले?"

नाटकाला रुखमाबाई अगदी समोर गोणपाट टाकून बसली. शेवटचा प्रवेश आला. दाढी खरवडून सून झालेला झिंगू पाय पुढे करून ऐटीत उभा. पडद्यामागून आवाज आला, "पड! पोचू, पड!" पोचूनं समोर पाहिलं. रुखमाबाईनं नुसती नकाराची मान हलवली.

पोचू ताठ झाला. "नाई पडत. माह्यी चूल पेटते अजून."

झिंगूचे पाय तसेच राहिले. आधी पोरं हसली. मग मागून एका म्हातारीनं टाळी वाजवली, आणि बायांच्या बाजूला टाळ्या थांबेनात. दसरू उठून निघून गेला.

चार दिवस तो मायकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी सकाळी सून मागच्या खोलीशी विस्तव मागायला आली. उंबऱ्याबाहेर थांबून तिनं शेणीचा तुकडा पुढे केला.

रुखमाबाई भाकर थापत होती. ती उठली नाही.

"आत ये," ती म्हणाली. "चूल आत हाय."