उसन्या डिशमधला शोध

चहा हातात घ्या, पण घोट जपून घ्या, हसताना नाकात जाईल. माझी अशी फजिती दुसऱ्या कुणी केली असती, तर मी त्याच्याशी जन्मभर बोलले नसते. पण केली मीच, आणि तीही अगदी शास्त्रशुद्ध!

मी काय काम करते ते आधी सांगते, नाहीतर आमच्या मामांसारखा तुमचाही घोटाळा व्हायचा. शरीरातल्या पेशी एकमेकींना आणि खालच्या थराला घट्ट धरून बसतात. प्रोटीएज नावाची काही प्रथिनं असतात, ती कात्रीसारखी ही पकड कापतात. कॅन्सरच्या पेशीची पकड सुटली की ती शरीरभर हिंडायला मोकळी. यातली गुन्हेगार कात्री कोणती, हे मी संभाजीनगरातल्या एका लॅबमध्ये शोधते. पीएचडीची मुदत संपत आली होती आणि माझ्या हातात भोपळा होता.

त्या आठवड्यात मी एका डिशमध्ये नुसत्या पेशी ठेवल्या. दुसरीत पेशी आणि माझ्या संशयातलं प्रोटीएज. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावला. नुसत्या पेशी तळाला छान चिकटलेल्या. आणि प्रोटीएजवाल्या? कढईत भजी तरंगावीत तशा साऱ्याच्या साऱ्या वर!

"नाझनीन, सापडला गुन्हेगार," मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ओरडून सांगितलं.

"अगे, एकीच बार में नाचरी क्या? फिरसे करके देख पहले."

मी कसली ऐकते! थेट सरांच्या केबिनमध्ये. सर माझे गाईड, सहसा हसत नाहीत. त्या दिवशी हसले. म्हणाले, "सोमवारी निधी देणारी समिती येतेय. पहिली स्लाइड हीच टाकू. तोवर प्रयोग पुन्हा एकदा करून घे."

एवढ्यावर थांबावं ना? मी आईला फोन केला. आईनं फुलंब्रीला मामांना केला. मामा कुठल्याच पक्षात नाहीत, पण चौकातला एकही कार्यक्रम त्यांच्याशिवाय होत नाही.

"व्हय गं, कॅन्सरचं औषध काढलं म्हणं तू?"

"औषध नाय मामा, पेशींची पकड कशानं सुटते ते..."

"तेच ते. मला लई इस्कटून सांगू नको. चौकात फ्लेक्स लावतो."

मी नको म्हणाले का? म्हणाले. पण पंगतीत जिलेबीचा आग्रह होताना पानावर बोटं फाकवून हात धरतात ना, तसं म्हणाले.

शनिवारी प्रयोग पुन्हा लावला. रविवारी सकाळी पाहिलं, प्रोटीएजवाल्या पेशी तरंगत होत्या. वा! मग मायक्रोस्कोपखाली नुसत्या पेशींची डिश ठेवली. त्याही तरंगत होत्या. ज्यांच्या जवळपासही कात्री गेली नव्हती, त्यांनी पकड का सोडावी?

"नाझनीन, माझ्या डिशला हात लावलास का?"

"मैं कायकू लगाऊं? कौनसी डिश है ये?"

"आपल्या संपल्या ना, म्हणून शेजारच्या लॅबमधून पाकीट उसनं आणलं होतं."

नाझनीननं चष्मा वर सरकवला. "शेजारवाले? उनो तो बॅक्टेरिया उगाते ना."

झालं. दिसायला दोन्ही डिश सारख्याच. पण आमच्या डिशला पेशी चिकटाव्यात म्हणून खास प्रक्रिया केलेली असते, बॅक्टेरियाच्या डिशला नसते. पहिल्या वेळी आमची उरलेली शेवटची डिश मी नुसत्या पेशींना दिली आणि उसनी प्रोटीएजवाल्यांना. बिचाऱ्या प्रोटीएजनं काहीच केलं नव्हतं. जी पकड कधी बसलीच नाही, ती सुटल्याचं मी गावभर सांगत होते.

सरांना फोन लावला आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं. ते म्हणाले, "समिती उद्या आहे ना? उद्या कळलं असतं तर आपण दोघंही तरंगलो असतो. स्लाइड काढ आणि आधी जेव." खरं सांगते, दहावीच्या निकालालाही मला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

आणि मग आठवला फ्लेक्स.

"तो तर सकाळीच लागला की," मामा फोनवर म्हणाले.

तशीच फुलंब्रीची बस पकडली. चौकात उतरून वर बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं. वरच्या बाजूला सगळ्या पक्षांचे पुढारी, खाली शुभेच्छुकांच्या रांगा, मधोमध गॉगल लावलेले मामा. कोपऱ्यात मी, भावाच्या लग्नात पाहुण्यांना हात जोडतानाची. खाली "हार्दिक अभिनंदन". शोधाबद्दल? चकार शब्द नाही.

"मामा, कशाबद्दल अभिनंदन ते लिहिलंच नाही?"

"जागाच नाय उरली पोरी. शुभेच्छुक लई झाले."

मी भर चौकात मामांच्या पाया पडले. त्यांना वाटलं, एवढ्या यशानंतरही भाचीचे पाय जमिनीवर आहेत.

तेवढ्यात भाजी घेऊन चाललेली एक मावशी थांबली. एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"कोणत्या वार्डातून उभी हायेस गं बाई?"

"नाय मावशी," मी म्हणाले, "माझं डिपॉझिट सकाळीच जप्त झालं."