पसाभर जोंधळ्याचा कप्तान

गौसियाबी बांगडीवालीचा कुणावरच भरोसा नव्हता. बांगड्या भरताना ती बाईच्या समोरच्या हाताकडं कमी अन् मोकळ्या हाताकडं जास्त बघायची. मोकळा हात टोपलीत जातो, असं तिचं म्हणणं. नवरा दस्तगीर मेल्यावर निलंग्याच्या पलीकडची, कर्नाटकच्या शिवेवरची खेडी ती एकटी पायी हिंडायची. पोटी लेकरू नाही. कुणी गोड बोललं की विचारायची, "कायकू बोलालायस इतकं गोड?"

अशा बाईनं एकदा पोरगं इकत घेतलं.

उस्मानाबादेतून तुटून लातूर जिल्हा झाला, त्या सालची गोष्ट. आमच्या गावचे लोक ट्रकात बसून नवा जिल्हा बघायला गेले अन् "आपल्यासारखीच धूळ हाय तिथं बी" म्हणत परत आले. पावसानं तोंड फिरवलं होतं. त्याच दिवसांत माणिकप्पा किराणावाल्याची बायको शिवकांता तिसऱ्यांदा बाळंत झाली. आधीची दोन्ही पोरं वर्ष गाठायच्या आत गेली होती. सटवीची नजर, दुसरं काय. मग म्हाताऱ्यांनी जुनीच रीत केली. लेकरू सुपात घातलं, सूप उकंड्यावर ठेवलं. हे आमचं नाहीच, टाकून दिलंय, असं सटवीला दाखवायचं अन् परक्यानं येऊन उचलायचं. गौसियाबीनं पसाभर जोंधळे दिले अन् सूप उचललं. पोराचं नाक टोचलं, नाव फकिऱ्या पडलं. शाळेत पुढं सिद्धराम लिहिलं, पण ते मास्तरापुरतं.

या सौद्याला एक अट असते. पोराचं लगीन होईस्तोवर खरी आई कोण, हे कुणी तोंडानं बोलायचं नाही. लग्नाच्या येळी तेवढेच जोंधळे परत देऊन पोरगं सोडवायचं. त्याच्या आधी बोललं की सटवीला ऐकू जातं. गावानं अट पाळली. पोरगं निजायचं माणिकप्पाच्या घरी, पण ईदचा सदरा गौसियाबीचा, मोहरमातली फकिरी गौसियाबीची अन् मार बी बहुतेक गौसियाबीचाच.

गावचं तळं आटलं की पोरं त्याच्या कोरड्या बुडात क्रिकेट खेळायची. भुईला भेगा. टप्पा भेगेवर पडला की चेंडू कुठं उडंल नेम नाही. बाकीची पोरं पुढं पळून बॅट फिरवायची अन् दात पाडून घ्यायची. फकिऱ्या जागचा हलायचा नाही. चेंडू अगदी अंगाशी आला की मगच बॅट लावायचा.

"कुणावर भरोसा ठेवत न्हाई. माझ्यावर गेलंय," गौसियाबी म्हणायची.

चुलत्यानं त्याला नांदेडला नेलं. तिथं रेल्वेच्या मैदानावर चटईच्या खेळपट्टीवर खेळला, मग महाराष्ट्राच्या पोरांत गेला, मग देशाच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात. नाक टोचलेला बॅट्समन म्हणून पोरं हसायची, दोन शतकं झाल्यावर हसायची थांबली. अन् एक दिवस पेपरात आलं की आता हाच कप्तान होणार.

नाव जाहीर व्हायच्या आतच क्रिकेट बोर्डाकडं निनावी तक्रार गेली. हा माणिकप्पाचा पोरगा न्हाईच. दुसऱ्याच बाईचा थोराड पोरगा त्याच्या नावावर खेळतोय, वय चोरलंय. मग पांढरी टोपी घातलेला एक साहेब जीपमधून गावात उतरला. चौकशीला.

गावाला जीपवाला आला की पहिल्यांदा वाटतं, जप्ती. पारावर बसलेला नागप्पा अर्धा उठलाच.

"सिद्धराम कुणाचा?" साहेबानं विचारलं.

"कोण सिद्धराम?"

"तो क्रिकेटवाला."

"फकिऱ्या व्हय! गौसियाबीचा."

"नक्की?"

"आवो, समद्या गावाला ठावं हाय."

साहेबानं चार ठिकाणी विचारलं, चारी ठिकाणी तेच. शेवटी तो माणिकप्पाच्या दुकानात गेला. माणिकप्पानं साहेबाकडं बघितलं, आत शिवकांताकडं बघितलं. अठरा वर्षांची जीभ, ती सवयीनंच वळली.

"आमचा न्हाई, साहेब. गौसियाबीचा हाय."

साहेब असा हसला, जसा काही चोर आपण होऊन हातात सापडलाय. "म्हणजे तक्रार खरी आहे. उद्या दुपारी मी परत जाणार. मुलाला संघाच्या शिबिरातून घरी पाठवतील."

जीप शाळेकडं वळली तेव्हा माणिकप्पाला आपण काय बोललो ते कळलं. तो शिवकांताला घेऊन तडक गौसियाबीच्या दारात.

"बी, पोरगं परत दे. आजच."

गौसियाबी बांगड्या दोऱ्यात ओवीत होती. मान वर केली नाही. "लगीन ठरलं व्हय त्याचं?"

"थट्टा करू नको. कप्तानकी जाती पोराची."

"हां. अठरा वर्षं सटवीला भ्यालास. आज कप्तानकी दिसली तर सटवी मेली का?" आता तिनं बघितलं, टोपलीतल्या हाताकडं बघावं तसं. "कप्तानाचा बाप व्हायचंय तुला, माणिकप्पा. किराणावाल्याचा बाप व्हायचं असतं तर आला असतास का पळत?"

"बी, शपथ—"

"शपथ ठेव दुकानात. तिथं खपती."

शिवकांता नवऱ्याच्या मागून पुढं आली. मग हळूच म्हणाली, "अक्का, यांना मी घरी नेते. कप्तानकी नको. मी साहेबाला कायबी सांगत न्हाई. ऱ्हाऊ दे तुमचाच. जित्ता तर ऱ्हाईल."

गौसियाबीनं बांगड्यांचा दोरा खाली ठेवला. यात बी काही डाव असंल, असं तिच्या मनात आलंच असणार. पण शिवकांतानं दोन्ही हात उघडे करून पुढं धरले होते, अन् हातांतलं गौसियाबीला कळायचं.

"उद्या सकाळी सूप आण," ती म्हणाली. "पारावर. साहेबाला बी बसव."

सकाळी अख्खं गाव जमलं. माणिकप्पानं जोंधळ्याचं पोतंच आणलं होतं. गौसियाबी भडकली.

"पसाभर दिलते, पसाभरच घेईन. पोतं कायकू? उद्या म्हणशील, बाईनं पोरगं नफ्यात इकलं."

माणिकप्पानं पसा भरून सुपात ओतला. साहेब मधेच म्हणाला, "हे काय चाललंय? ही आई आहे की नाही?"

"कालपर्यंत होते," गौसियाबी म्हणाली. "जरा थांबा, सुटून जाऊ द्या." अन् शिवकांताकडं वळून, "बोल आता. मोठ्यानं बोल. साहेबाला बी ऐकू जाऊ दे अन् त्या सटवीला बी."

बाया कानावर हात ठेवून उभ्या. मग एकदम वरडल्यासारखी ती म्हणाली, "माझा लेक हाय! सिद्धराम माझा लेक हाय!"

सगळे आभाळाकडं बघत होते, जसं काही तिकडून उत्तर येणार.

साहेबाला उकंड्यापासून सगळं सांगावं लागलं. त्यानं सुईण सरजाबाईला विचारलं, पोराच्या चुलत्याला विचारलं, अन् एवढं करून बी शिबिरातल्या पोराच्या हाडांचा फोटो काढायला लावलाच. वय बरोबर निघालं. पंधरवड्यात सिद्धराम माणिकप्पा कप्तान झाला. ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं शिवकांताला पहिल्या रांगेत बसवलं. गौसियाबी दाराशी उभी होती. तो नाणं उडवायला आला तेव्हा म्हणाली, "वाळलाय. तिकडं खायाला देतेत का न्हाई, कुणास ठावं." अन् टोपली उचलून निघाली.

वाटंत माणिकप्पा भेटला. पेढे वाटत होता. तिच्या हातावर दोन ठेवले.

"एक इचारू, माणिकप्पा?"

"इचार की, बी."

"ती तक्रार तूच टाकलतास का? लग्नाआधीच पोरगं सोडवून घ्यायला?"

माणिकप्पा हसला. "आगं बी, मला लिवता येतंय व्हय?"

"लिवता न्हाई येत," गौसियाबी म्हणाली. "लिववता येतंय की."

माणिकप्पा पेढ्याचा डबा झाकायला लागला. झाकण काही केल्या बसंना.