यादीतली शेवटची मार्गारेट

मार्गारेटमावशी गेल्याचा फोन वसईहून तिच्या भाचीने केला, तेव्हा मी दुबईहून शारजाला परतताना नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. शारजात राहणाऱ्याने रडणं-हसणं गाडीतच उरकून घ्यावं, असं मावशीच म्हणायची. त्या संध्याकाळी मी दोन्ही उरकलं...

तीस वर्षं ती आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. टायपिंग सेंटरमध्ये लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरायची, त्यामुळे जगभरची नावं तिच्या बोटांखालून गेलेली. पण तोरा स्वतःच्या नावाचा. "मार्गारेट म्हणजे मोती. इथले लोक ज्याच्यासाठी समुद्रात बुड्या मारायचे ना, तो. या नावाच्या राण्या झाल्या, संत झाल्या, आणि यादीत शेवटी मी. खलास." हल्ली वसईत कुणी मुलीचं नाव मार्गारेट ठेवत नाही, ही तिची कायमची तक्रार. आम्ही त्यावर हसायचो, तीही हसायची. त्यातलं दुःख मला फार उशिरा कळलं.

माझ्या लेकीच्या बारशाला नणंदेला व्हिसा मिळाला नाही. आत्याशिवाय बारसं कसलं, म्हणून सासूबाई हिरमुसल्या. मावशी म्हणाली, "यल्ला, चला, मी होते आत्या." पाळण्यात वाकून तिने बाळाच्या कानात कुर्र केलं, अनघा हे नाव सांगितलं, आणि पाठीवर धपाटे खाता खाता आणखी काहीतरी पुटपुटली. काय गं सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "ते आमचं सिक्रेट. मोठी झाली की सांगेन तिला." पुढे दर वाढदिवसाला अनघा विचारायची आणि तिची ही आत्या साबुदाण्याच्या खिचडीचा घास तोंडात कोंबून वेळ मारून न्यायची. निवृत्त होऊन वसईला गेली, तरी सांगितलं नाहीच. आता ते तिच्याबरोबरच गेलं, याची चुटपुट मला लागून राहिली होती.

गेल्या आठवड्यात भाचीने कुणाबरोबर तरी एक स्टीलचा डबा पाठवला. मावशीच्या कपाटात अनघासाठी म्हणून ठेवलेला. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसं त्यावर घातलं होतं: अनघा मार्गारेट. खाली बारशाची तारीख. कानात सांगितलेलं हे नाव आम्हाला आवडणार नाही, म्हणूनच बहुधा इतकी वर्षं तिने तो दिला नव्हता. विचारलं असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं, असं लिहायला बरं वाटलं असतं... पण सासूबाईंच्या देखत मी नाहीच म्हटलं असतं.

अनघाने अक्षरांवरून बोट फिरवलं. "सो आत्या वॉजन्ट द लास्ट वन?"

"नाही गं. शेवटची तू."

ती खूश झाली. डब्यात आम्ही साबुदाणा भरला. पुढच्या महिन्यात सासूबाई राहायला येणार आहेत. डबा ओट्यावरच आहे, नाव समोर दिसेल असा.