आधी मला मारा

आमच्या कुंडलची गिरणीवाली बाई साधं बोलली तरी भांडल्यासारखं वाटतं. गिरणीच्या आवाजावर ओरडायची सवय. गिरणी बंद असली तरी तिचा आवाज खाली येत नाही.

तिच्या सुनेला पहाटे जाग यायची, पण हातपाय हलायचे नाहीत. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटायचं. बाईच्या दिराने परस्पर ठरवलं, हे बाहेरचं आहे, आणि भरदुपारी देवऋषी घेऊन आला. त्याने पोरीला पाटावर बसवून वेत उगारला. आम्ही शेजारी दारात उभे होतो.

बाई पीठ माखलेल्या अंगानेच आत शिरली आणि सुनेला मागे सारून स्वतः पाटावर बसली.

"मला बी हुतंय ह्ये, लगीन झाल्यापासनं. आधी मला मारा!"

देवऋषीचा हात वरच राहिला. बाईचा नवरा पुटपुटला, "मग कवा बोलली न्हाईस?"

"बोलले असते, तर तुमीच वेत आणला असता!"

तिने तो वेत हिसकावून मोडला आणि सुनेला घेऊन थेट इस्लामपूरचा दवाखाना गाठला.

सून सांगते, डॉक्टर म्हणाले, "हा झोपेतला प्रकार आहे, भूतबीत काही नाही." ते ऐकून सासू ढसाढसा रडली. मग डॉक्टरांवरच ओरडली, "आन् ह्ये आमाला इतकी वर्सं कुनीच का सांगितलं न्हाई?"