बाबा बेटावर राहिले

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. मागच्या जानेवारीत आई, बाबा आणि मी नागपूरहून त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्यानं पाच दिवसांसाठी आरव्ही भाड्यानं घेतली. बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. ती घेऊन आम्ही फ्लोरिडाच्या खालच्या बेटांवर गेलो. एका बेटावरून दुसऱ्यावर जायला समुद्रावरून पूल. भर हिवाळ्यात असं ऊन, की बाबांनी पोहोचल्या पोहोचल्या पँट काढून लुंगी नेसली.

बाबांनी जन्मभर नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांची अडत केली. बेटं त्यांना पसंत पडली. गाडीतला संडास मात्र पसंत पडला नाही. तो आईच्या शेगडीपासून दोन हातांवर होता.

"पोळ्या होऊन राहिल्या, त्याच्याच बाजूले जाऊन बसू काय मी?"

मग ते खांद्यावर टॉवेल टाकून, अशा गाड्या लावायच्या मैदानाच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक संडासात जायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी यावरूनच आईबाबांचं वाजलं. "इतकं वाटते तर माझ्या हातची पोळीही खाऊ नका," आई म्हणाली. बाबा मागच्या पलंगावर जाऊन पडले आणि पडदा ओढून घेतला. आम्हाला अकराच्या आत मैदानातली जागा सोडायची होती. आम्ही दोघं भाऊ गाडीच्या मागच्या अंगाला पाण्याचा पाइप आणि विजेची वायर काढत होतो. आई दाराकडे पाठ करून भांडी आवरत होती. सगळं झाल्यावर भावानं गाडी काढली.

वाटेत आईनं आवाज दिला, "अहो, चिवडा घेता काय?"

मागचा पडदा हलला नाही.

"फुगून बसले," आई म्हणाली. "मी नाही आता इचारत."

"झोपले असतील गं," मी म्हणालो. मागून घोरण्याचा आवाजही येत होता. तो फ्रिजचा होता, हे नंतर कळलं.

एका लांबलचक पुलाच्या मध्यावर आम्ही होतो, तेव्हा बाबांचा फोन वाजला, नागपूरहून कोणाचा तरी. शेगडीजवळ चार्जिंगला लावलेला. वाजतच राहिला. शेवटी आईनं उठून पडदा सरकवला. पलंगावर दोन उशा आणि एक शाल.

"अरे, बाप कुठं आहे तुमचा?"

भावानं ब्रेकवर पाय दिला आणि लगेच काढला. पुलावर थांबायची सोय नव्हती, वळायची तर नव्हतीच. दोन्ही बाजूंना निळंशार पाणी. त्या पाण्याकडे आमच्यापैकी कोणीही पाहिलं नाही. आई मागे बसून एकेक आठवत होती. "फोन नाही, पैसे नाही, इंग्रजी नाही. अंगावर लुंगी अन् बनियन." मग शाल मांडीवर घेऊन म्हणाली, "मीच बोलले सकाळी."

पूल संपल्यावर गाडी वळवून परत यायला पाऊण तास लागला. आमच्या रिकाम्या जागेशेजारी एका गोऱ्या म्हाताऱ्याची आरव्ही होती. तिच्या सावलीत दोन खुर्च्या. एकीत म्हातारा, दुसरीत बाबा. बाबांच्या बनियनवर आता म्हाताऱ्याचा फुलाफुलांचा शर्ट होता.

आम्हाला पाहून बाबा म्हणाले, "काहून रे, इतक्या लवकर आले?"

म्हाताऱ्याची संत्र्याची बाग होती, आता विकली म्हणे. बाबांच्या हातात त्यानं दिलेलं संत्रं होतं, आणि ते सोलायला सुरी लागते यावर बाबांचा आक्षेप चालू होता. "नागपूर ऑरेंज, नो नाइफ," ते अंगठा नाचवत सांगत होते. "ओन्ली धिस!" म्हातारा मान डोलवत होता. भावानं त्याची माफी मागितली, आभार मानले. तो म्हणाला, तुमच्या वडिलांना अजून तासभर ठेवलं तरी चाललं असतं.

आई खाली उतरली नाही. दारातूनच म्हणाली, "तो शर्ट परत द्या त्याले."

म्हाताऱ्यानं तो घेतला नाही.

परत निघाल्यावर मी बाबांना विचारलं, भीती वाटली का?

"हट्! भीती कायची?" ते म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच बोलले, "संडासातून आलो तर गाडीच नाही. मले वाटलं, मीच चुकलो जागा. सगळ्या गाड्या मोजून आलो दोनदा. मंग बसलो त्या नळाजवळ. तो बुढा आला, त्यानं काही इचारलं नाही, खुर्ची आणली."

आईनं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.