निळ्या पिशव्यांची तक्रार

ते प्रकरण मी विसरलेलो नाही. मारामाऱ्या, घरफोड्या, खाणीतल्या सोन्याच्या चोऱ्या यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. कागदी पिशव्यांची ती तक्रार मात्र अजून स्वच्छ आठवते.

मी विद्यार्थी म्हणून ऑस्ट्रेलियात पर्थला आलो, शिक्षण संपल्यावर पोलीस दलात भरती झालो आणि नोकरीची शेवटची वर्षे कालगुर्लीच्या ठाण्यात सार्जंट म्हणून काढली. सोन्याच्या खाणींचे हे गाव. शुक्रवारी पब भरले की आमचे काम वाढायचे, सोमवारी सकाळी ठाणे शांत असायचे. अशाच एका सोमवारी एका प्राथमिक शाळेच्या कॅन्टीनची मॅनेजर काउंटरवर आली. पन्नाशीतली, खणखणीत आवाजाची बाई.

"माझ्या निळ्या पिशव्या पुन्हा चोरीला गेल्यात," ती म्हणाली.

"पिशव्यांत काय होतं?"

"काही नाही. रिकाम्या होत्या."

माझ्या शेजारी बसलेल्या तरुण कॉन्स्टेबलने हसू दाबण्यासाठी खोकल्याचा आधार घेतला. बाईने त्याच्याकडे पाहिले. "हस, मेट. पण उद्या मुलांचं जेवण बंद झालं तर इथेच आणून बसवीन त्यांना, तुझ्या टेबलावर."

तिने सांगितलेली हकीकत अशी. शाळेत पालक मुलांचे जेवण मोबाइलच्या अ‍ॅपवर मागवतात. कॅन्टीनमध्ये प्रत्येकाचे सँडविच किंवा पास्ता तपकिरी कागदी पिशवीत भरून वर नावाचे लेबल लावतात आणि टोपल्या वर्गांत पोहोचवतात. ज्या कुटुंबांकडे सरकारी सवलतीचे कार्ड असते त्यांच्या मुलांना हेच जेवण मोफत किंवा कमी दरात मिळते. वरचा खर्च गावातला एक धर्मादाय निधी भरतो. अशी जेवणे किती गेली हे निधीला दर सत्राला कळवावे लागते. म्हणून ती निळ्या पिशव्यांत जातात आणि त्या मोजल्या जातात.

सत्राच्या सुरुवातीला निळ्या पिशव्यांचा सगळा साठा नाहीसा झाला. पर्थहून नवा मागवला, तोही गेला. कुलूप शाबूत. फ्रीजमधले पॅटिस, आइस्क्रीम, गल्ल्यातली सुटी नाणी, सगळे जागच्या जागी. मुख्याध्यापिका वैतागल्या होत्या. मोजणी होत नसेल तर पुढच्या सत्रापासून योजना थांबवू, असे त्यांनी पालकांच्या समितीला कळवले होते.

मी पंचनाम्याला गेलो. दाराला आकड्यांचे कुलूप होते आणि त्याचा आकडा मदतीला येणाऱ्या प्रत्येक पालकाला माहीत होता. म्हणजे संशयित अख्खे पालकमंडळ. बोटांच्या ठशांना अर्थ नव्हता. त्या दाराला गावातल्या निम्म्या आयांचे हात लागलेले.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. शनिवारी कॅन्टीनच्या मागे एक पांढरी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, उभी होती, टपावर नारिंगी दिवा आणि लांब काठीला झेंडा. खाणीची गाडी. कालगुर्लीत ही खबर म्हणजे नदीकाठी ओल्या पायाचा माणूस पाहिल्यासारखी. तरी मी ती नोंदवून घेतली. खबर निरुपयोगी दिसली तरी टाकून द्यायची नसते.

त्याच आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. निळ्या पिशव्या नसल्याने सगळे जेवण तपकिरीत चालले होते. टोपल्या वर्गांतून परत आल्या, रिकाम्या.

"हे एक गंमतच आहे," मॅनेजर टोपली झटकत म्हणाली. "निळ्या असल्या की रोज काही ना काही परत येतं. मुलं उचलतच नाहीत. तपकिरी असल्या की काही परत येत नाही."

"का?"

"लहान मुलं, लव्ह," इथल्या बायका कोणालाही म्हणतात तसे ती म्हणाली. "कधी भूक लागते, कधी नाही."

मी ते वहीत लिहून घेतले. पिशव्या विकून कोणाला काही मिळणार नव्हते. इतर काही नेले नव्हते. चोराला पिशव्या नको होत्या, त्याला तो रंग शाळेतून घालवायचा होता. हेतू कळला की तपास अर्धा होतो. उरलेला अर्धा तसाच अडकून राहिला.

तो सुटला दिवाळीत.

गावात मराठी घरे मोजकीच. खाणीतले इंजिनियर, इस्पितळातले डॉक्टर, आणि मी. दिवाळीला एकमेकांकडे फराळ जातो. त्या वर्षी एका इंजिनियरची बायको ठाण्यावरच आली, मुलीला पोहायच्या क्लासला सोडायला जाता जाता.

"दादा, वहिनींना सांगा, चकल्या जरा मऊ झाल्यात. इथल्या बटरचा दोष आहे, माझा नाही. चिवडा मात्र फर्स्ट क्लास आहे."

तिने काउंटरवर फराळ ठेवला आणि "चला, उशीर होतोय" म्हणत गेली. कॉन्स्टेबलला चिवड्याची सवय मीच लावली होती. त्याने लगेच मूठभर घेतला, मीही घेतला. निम्मा संपल्यावर त्याचा हात थांबला.

"सार्ज," तो म्हणाला, "आपण पुरावा खातोय का?"

चिवडा निळ्या कागदी पिशवीत होता.

मी हात पुसले आणि थेट इन्स्पेक्टरकडे गेलो. संशयित माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या घरचा फराळ मी खाल्ला आहे, हे प्रकरण दुसऱ्याकडे द्या, असे सांगितले. इन्स्पेक्टरने कॅलेंडर पाहिले. दोघे रजेवर, दोघे पर्थला कोर्टात. "कॅमेरा लाव, कॉन्स्टेबलला शेजारी बसव, अहवाल मला दे. निर्णय मी घेईन," ते म्हणाले. ते योग्यच होते.

इंजिनियर सांगितल्या वेळेच्या आधी आला. तिशी उलटलेला, खाणीच्या पिवळ्या शर्टात, थेट शिफ्टवरून. बायको बरोबर होती. तिला बाहेर बसवले. खोलीत शिरताच त्याने मराठीत सुरुवात केली. मी त्याला थांबवले. इथे इंग्रजीत बोलायचे, दुभाषी हवा असेल तर मिळेल, काही बोलायलाच हवे असे नाही, जे बोलाल ते रेकॉर्ड होईल. त्याने मान हलवली.

चौकशीत मी पहिला प्रश्न नेहमी सोपा ठेवत असे. "कॅन्टीनमध्ये कधी मदतीला जाता?"

"शिफ्टमधून सुट्टी असते त्या दिवशी. पिशव्या मीच घेतल्या. दोन्ही वेळा."

काही माणसे कबुली द्यायलाच आलेली असतात. त्यांना अडवू नये.

त्याने सांगितले ते असे. एका संध्याकाळी त्याने मुलीला विचारले, तुझ्या वाढदिवसाला शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला बोलवायचे ना? मुलगी सहज म्हणाली, "शी इज अ ब्लू बॅग, बाबा." द्वेषाने नव्हे, केसांचा रंग सांगावा तसे. त्याला रात्रभर डाचत राहिले. त्याने समितीत विषय काढला. समितीने सांगितले, निधीची अट आहे, पुढच्या सत्रात पाहू. शनिवारी तो गेला आणि खोके उचलून आणले.

"आमच्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात," तो म्हणाला आणि कॉन्स्टेबलकडे वळला. "एका पंगतीला बसवायचं आणि एकाच्या पानात तूप, दुसऱ्याच्या नाही. वाढणाऱ्याला पाप लागतं, असं आई म्हणायची. आणि वाढत मीच होतो, सर. माझ्या हातांनी."

कॉन्स्टेबल गव्हाच्या पट्ट्यातल्या शेतकरी घरातला. तो हळूच म्हणाला, "फेअर इनफ."

"पिशव्या टाकून का नाही दिल्या?" मी विचारले.

तो पहिल्यांदा ओशाळला. "चांगल्या पिशव्या होत्या. टाकवेनात."

मी विचारले, मोजणी बंद पडल्याने जेवणाची योजनाच थांबणार आहे, हे माहीत आहे का? त्याचा चेहरा उतरला. माहीत नव्हते. आपल्या कायमच्या रहिवासाचा अर्ज चालू आहे, पोलीस दाखला द्यावा लागेल, गुन्हा नोंदला तर सगळ्या घराला परतावे लागेल, हे तो धरूनच आला होता. त्या मुलांचे जेवण आपल्यामुळे जाईल हे त्याने धरले नव्हते.

दार उघडले तेव्हा बायको उभीच होती.

"अरे, पिशव्या? तू पिशव्या चोरल्यास? इथे आल्यापासून आपल्याला पार्किंगचा दंडसुद्धा झाला नाही, आणि पिशव्या?"

"अगं, हळू..."

"निदान मला सांगायचंस तरी! गराजमध्ये दिसल्या, मला वाटलं सेलमध्ये आणल्यास. मी चिवडा भरून अख्ख्या गावात वाटला! तुझ्या खाणीतल्या मॅनेजरला दिला, डॉक्टरांना दिला, पोलिसांना दिला!" मग ती माझ्याकडे वळली आणि आवाज एकदम खाली आला. "दादा, आता आमचं काय होईल?"

मी खरे तेच सांगितले. ते माझ्या एकट्याच्या हातात नाही.

कमी किमतीची चोरी, आधीचा एकही गुन्हा नाही, माल परत, आणि मालकाची तक्रार मागे. एवढे जुळले तर ठाणे समज देऊन सोडू शकते. उरलेले खोके त्याने त्याच दिवशी आणून दिले. बाकी सगळे होते, तक्रार मागे घ्यायची तेवढी राहिली होती. मी मॅनेजरकडे गेलो. ती ऐकून बसली आणि म्हणाली, "मला त्याला तुरुंगात नाही घालायचं. पण मोजायचं कसं ते सांग. निधीची अटच निळी आहे."

इथे मी तपासाची जुनी सवय वापरली. चोरीचा माल कोणाकडून कोणाकडे आला हे एकेक हात मागे जात शोधायचे, पहिला हात सापडेपर्यंत. या वेळी माल म्हणजे नियम होता. मी निधीच्या कार्यालयात फोन केला. तिथली बाई म्हणाली, "निळ्या? आम्हाला फक्त आकडा लागतो. रंग शाळेने ठरवलाय." मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्या येण्याआधीपासून आहे, समितीने ठरवले असेल. समितीचे अध्यक्ष म्हणाले, निधीने. वर्तुळ पूर्ण झाले होते. उरली होती आधीची कॅन्टीन मॅनेजर, निवृत्त होऊन एस्परन्सला समुद्राकाठी राहायला गेलेली. तिला फोन लावला.

"निळ्या पिशव्या?" ती हसली. "अजून वापरता? अरे, त्या आठवड्यात तपकिरी संपल्या होत्या, लव्ह. दुकानात निळ्या होत्या, त्या आणल्या. मोजायला सोप्या पडल्या म्हणून राहू दिल्या."

मी धन्यवाद देऊन फोन ठेवला आणि कॉन्स्टेबलला सांगितले. तो म्हणाला, "मग अ‍ॅपला माहीत नसतं का, कोणाचं जेवण कोणत्या दराने गेलं?"

अ‍ॅपला माहीत होते. पहिल्या दिवसापासून माहीत होते. ऑर्डर देतानाच दर लागत होता. आकडा हवा तेव्हा काढता आला असता. कोणी मागितला नव्हता, कारण प्रत्येकाला वाटत होते की निळी पिशवी ही दुसऱ्या कोणाची तरी अट आहे.

मॅनेजरने तक्रार मागे घेतली. एक अट घातली, की त्या माणसाने समितीसमोर येऊन माफी मागावी आणि वर्ष संपेपर्यंत शिफ्ट नसेल त्या प्रत्येक शुक्रवारी पिशव्या भरायला यावे. इन्स्पेक्टरने अहवाल वाचला आणि समज देऊन प्रकरण बंद केले. इंजिनियरने माफी मागितली. ती खरी होती. खोके उचलणे चूक होते हे त्याने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. पुढे त्याचा पोलीस दाखला कोरा आला आणि कुटुंब कालगुर्लीतच राहिले.

तपासाच्या नोकरीत माणूस शोधायची सवय लागते. कोणी केले, हा आमचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. या प्रकरणात माणूस सापडला तेव्हा तपास संपला असे मी समजलो होतो. ज्या गोष्टीमुळे मुले उपाशी बसत होती तिच्यामागे कोणी दुष्ट नव्हता, कंजूष नव्हता, साधा निष्काळजीही नव्हता. तपकिरी पिशव्या संपल्या होत्या, एवढेच. त्यानंतर मी ठाण्यातल्या नव्या मुलांना एक सांगत आलो: एखादा नियम समोर आला की तो कोणी केला हे फोन करून विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळते. कधीकधी पलीकडचा माणूस हसतो.

निवृत्तीच्या आधी एका शुक्रवारी मी शाळेवरून जाताना आत डोकावलो. इंजिनियर एप्रन बांधून सँडविच भरत होता. मॅनेजर टोपल्या लावत होती.

"आज मोफत किती?" मी विचारले.

तिने समोरच्या पिशव्यांवरून नजर फिरवली. सगळ्या सारख्या.

"मला काय माहीत, मेट," ती म्हणाली. "सरक, पोरांना भूक लागलीय."